ड्रेन बोल्टला लोहचुंबक: खरंच इंजिन वाचतं का?

टाकीफुल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, ९२ हजार किलोमीटर झालेत. रोज चिंचवड ते हिंजवडी आणि महिन्यातून एकदा ताम्हिणी उतरून श्रीवर्धन, सासुरवाडी. परवा ऑइल बदलायला गेलो तेव्हा आमचा मेकॅनिक चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तो भाग) ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल सोडायचा बोल्ट, चिंधीने पुसता पुसता म्हणाला, "साहेब, याच्या जागी चुंबकवाला टाका, परत इंजिन खोलायची पाळी येणार नाही."

घरी येऊन शोधलं तर ऑनलाइन ढीग पडलाय. दोनशे रुपयांपासून दीड हजारापर्यंत. एका जाहिरातीत इंजिनाचं आयुष्य दुप्पट, दुसऱ्यात तिप्पट. बोल्टच्या आतल्या टोकाला चुंबक बसवलेला असतो, ऑइलमधला लोखंडाचा कीस तो धरून ठेवतो, एवढं समजलं. एक ४५० रुपयांचा मागवलाही. (आधी मागवायचं आणि मग विचारायचं, ही आपली जुनी खोड.)

आता प्रश्न. ऑइल फिल्टर असताना याची गरज काय? तो चुंबक सुटून आत पडला तर? आणि कोणी वापरलाय का, खरंच काही फरक पडला का?

काडीलाव

पेट्रोलच्या पाइपला चुंबक लावून मायलेज वाढवणारे आठवले. आता तळाला लावा. पुढच्या वर्षी बॉनेटला बांधायला तांब्याचं कडं येईल, तेही मागवा.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गोटीपाना

काडीलावसाहेब, पाइपचा चुंबक ही शुद्ध फसवणूक होती. पेट्रोलला चुंबक कशाला चिकटतोय? पण लोखंडाला चिकटतोय की. ह्ये दोन एका पारड्यात घालू नका.

इचलकरंजीत सव्वीस वर्षं गॅरेज चालवतोय. बऱ्याच गाड्यांच्या गिअरबॉक्सच्या ड्रेन बोल्टला कंपनीच चुंबक देते. काढला की टोकाला काळं लोणी लागलेलं असतंय, बोटानं पुसायचं आणि परत लावायचा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा खालचा पत्रा उघडला तर आत चपटे चुंबक चिकटवलेले दिसतील. मागच्या अॅक्सलला, ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला, तिथंबी बघितलेत. म्हणजे कल्पना काही कालची न्हाई.

मग इंजिनाला कंपनी सहसा का देत न्हाई? माझ्या मतानं साधं आहे. मॅन्युअल गिअरबॉक्सला फिल्टरच नसतोय. दात दातावर घासून जो कीस पडतो तो त्याच तेलात फिरत राहतोय, आणि त्ये तेल पाच-पाच वर्षं कुणी बदलत न्हाई. तिथं चुंबकाशिवाय दुसरा वाली न्हाई. इंजिनाला फिल्टर आहे आणि दर दहा हजाराला तेल बदलतंय.

आता कामाचं बोलतो. चुंबकाच्या नादात बोल्टचा घोळ करू नका. चेंबर अॅल्युमिनियमचा असला की आटे मऊ असतात. माझ्याकडं महिन्याला एक तरी गाडी आटे गेलेली येते. कुठंतरी हेल्पर पोरानं पान्यावर पाय देऊन आवळलेलं असतंय. मग हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवा न्हाईतर चेंबर बदला. चौदा एमएमच्या बोल्टला साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटर पुरतात, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा बघून घ्या. टॉर्क पाना नसंल तर फूटभर पाना घेऊन एका हातानं, खांदा न वापरता. वायसर दर खेपेला नवा. तांब्याचा असू दे न्हाईतर अॅल्युमिनियमचा, एकदा दबला की संपला.

टाकीफुल

गोटीपाना, धन्यवाद! माझ्या बोल्टच्या पाकिटावर एम१४, पिच १.५ लिहिलंय. जुना बोल्ट मोजून बघतो.

सूक्ष्मकण

ठाण्याला एका प्रयोगशाळेत वापरलेल्या तेलांची तपासणी करते, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी काय पकडलं जातं ते बघू. इंजिनात झिजून तेलात येणारे धातू बरेच असतात. अॅल्युमिनियमचा ब्लॉक असला तरी सिलिंडरच्या आत बहुतेक वेळा बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) लायनर, म्हणजे अस्तराच्या नळ्या, असतात. शिवाय कॅमशाफ्ट, क्रँक, टायमिंग चेन, ऑइल पंपाची दाती. हे सगळं लोहयुक्त, त्याला चुंबक ओढणार. पण पिस्टन अॅल्युमिनियमचा. बेअरिंगच्या शेल्समध्ये आतून अॅल्युमिनियम-कथिल किंवा तांबं-शिसं. हे कितीही झिजलं तरी चुंबकाला पत्ता लागत नाही. आणि एअर फिल्टरमधून निसटून आलेली धूळ म्हणजे सिलिका, वाळूच. ती पोलादालाही ओरखडे काढते आणि चुंबकाच्या नाकासमोरून आरामात निघून जाते. डिझेलची काजळी, ऑइलचा चिखल, तेही तसंच.

आता आकार. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. चांगला कागदी फिल्टर वीस-तीस मायक्रॉनच्या वरचे कण बऱ्यापैकी अडवतो. त्याहून बारीक कण बरेचसे पार होतात, आणि बेअरिंगमध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो तो चालत्या इंजिनात जिथे सर्वांत पातळ असतो तिथे काही मायक्रॉनचाच उरतो. म्हणजे छळणारे कण नेमके फिल्टरच्या जाळीतून निसटणारे. चुंबकवाले नेमकं इथेच बोट ठेवतात की फिल्टर सोडतो ते आम्ही पकडतो. ऐकायला पटतं.

पण चुंबकाची ओढ कणाच्या घनफळावर असते आणि तेलाचा अडसर त्याच्या व्यासावर. हिशेब केला तर १०० मायक्रॉनचा कण ज्या वेगाने चुंबकाकडे सरकेल त्याच्या शंभरपट हळू १० मायक्रॉनचा सरकतो. त्यात अंतर वाढलं की ओढ झपाट्याने पडते. टाचणी चुंबकाजवळ नेऊन बघा, एका बोटावर झेप घेते, चार बोटांवर ढिम्म. बोल्ट चेंबरच्या एका कोपऱ्यात, तीन-साडेतीन लिटर तेल त्याच्या आजूबाजूला, पंप ते सगळं मिनिटात कितीतरी वेळा फिरवतोय. जे कण बोल्टच्या अगदी अंगावरून जातात किंवा गाडी रात्रभर उभी असताना तळाशी बसतात, ते सापडतात. बाकीचे फिरत राहतात.

काहीच उपयोग नाही असं मी म्हणत नाही. चेंबरमधून पंपाकडे जाणारं तेल अजून गाळलेलं नसतं, वाटेत फक्त जाळी असते. फिल्टर लागतो तो पंपानंतर. तेव्हा तळाशी बसलेला मोठा कण चुंबकाने धरून ठेवला तर पंपाचं थोडं भलंच. आणि थंड इंजिनात तेल घट्ट असताना किंवा फिल्टर चोंदल्यावर बायपास झडप उघडते, तेव्हा न गाळलेलं तेल सरळ आत जातं. तेवढ्या वेळेपुरता चुंबकाचा हातभार लागतो. पण 'आयुष्य दुप्पट' वगैरे म्हणायला मला कुठेच आधार दिसत नाही.

माझ्या मते त्या बोल्टची खरी किंमत दुसरीच आहे. तो पहारेकरी म्हणून सुमार, खबऱ्या म्हणून उत्तम. ऑइल बदलताना त्याच्या टोकाला काय लागलंय ते वाचायला शिका.

मीनाक्षी_रा

_/\_ वाचनखूण साठवली.

एक बाळबोध प्रश्न: आजकाल गाडीत सगळीकडे सेन्सर. खाली एवढा जोरदार चुंबक लावल्यावर त्यांचं काही बिघडत नाही का? क्रँकचा सेन्सर चुंबकीयच असतो ना?

सूक्ष्मकण

बाळबोध अजिबात नाही. क्रँकचा सेन्सर दात असलेल्या चाकापासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर बसवलेला असतो, तेवढंच त्याचं जग. चेंबरच्या तळाचा चुंबक त्याच्यापासून बराच दूर. वर सांगितलेली टाचणी इथेही लागू. तेलातली रसायनं चुंबकाला चिकटतात, हाही एक गैरसमज मी वारंवार ऐकते; ती चिकटत नाहीत.

शेडवाला

वा, तेलतपासणी निघाली म्हणून लिहितो. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये आयुष्य गेलं, शेवटची वर्षं प्रयोगशाळेत. शेड्यूलला इंजिन आलं की तेलाचा नमुना बाटलीत यायचा, बाटलीवर लोकोचा नंबर. स्पेक्ट्रोवर (तेलातले धातू मोजणारं यंत्र) चढवला की लोखंड किती, तांबं किती, शिसं किती, अॅल्युमिनियम किती, सगळे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती. बाहेरच्या माणसाला वाटायचं की अमुक आकड्याच्या वर गेलं की नापास. तसं नव्हतं. प्रत्येक इंजिनाची आपली चाल असते. एखादं जन्मापासून लोखंड जास्त दाखवतं आणि वर्षानुवर्षं तसंच धावतं. आम्ही चढ बघायचो. मागच्या तीन नमुन्यांत सपाट असलेलं तांबं एकदम वर गेलं की फोरमनला फोन, चेंबर उघडून बेअरिंग बघा.

तर सूक्ष्मकण यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. आम्हाला रात्रीची झोप नसायची ती तांब्या-शिशामुळे. आणि ते चुंबकाला दिसतच नाही! बोल्ट स्वच्छ निघाला म्हणजे इंजिन ठणठणीत, असं कुणी समजू नका.

सूक्ष्मकण

शेडवाला काका, नमस्कार! तुमच्या स्पेक्ट्रोचीही एक बाजू सांगते. त्याला साधारण पाच ते दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत. गिअरचा दात तुटून खडे पडायला लागले तरी पीपीएमचा आकडा शांत राहू शकतो. तिथे चुंबक ओरडतो. दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसतात.

शेडवाला

खरंय ताई. आमच्याकडे म्हणूनच फिल्टर कापून बघायची पद्धत होती. कागदाच्या घड्या उलगडायच्या, पांढऱ्या फडक्यावर झटकायच्या आणि उन्हात धरायच्या. चमकी दिसली की त्यावरून चुंबक फिरवायचा. चिकटली तर लोखंड, नाही चिकटली तर बेअरिंग किंवा पिस्टन. गाडीवाल्यांनाही हे जमेल.

ओव्हरबर्डन

चंद्रपूरला कोळसा खाणीत डंपरच्या मेंटेनन्सला आहो. आमच्याकडे फायनल ड्राइव्हचा (चाकाजवळचे शेवटचे गिअर) चुंबक बोल्ट काढून बघणं हे ठरलेलं काम, त्याचं रजिस्टर असते.

एक प्रसंग सांगतो. रात्रपाळी, पावसाळा. साठ टनी डंपर, मागच्या डाव्या चाकाचा बोल्ट काढला. रोजच्यासारखा करडा गाळ होता, पण पुसताना कपडा अडकला. टॉर्च मारला तर गाळात नखाएवढी पातळ चकती. एक बाजू आरशासारखी गुळगुळीत, दुसरी खडबडीत, दाणेदार. बेअरिंगच्या रेसचा, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या कड्याचा, टवका. गुळगुळीत बाजू रोलर फिरायची, खडबडीत बाजू आतून फुटलेली. डंपरला ना आवाज ना गरमी, ड्रायव्हर म्हणे गाडी मस्त चालू आहे. शिफ्ट इन्चार्ज वैतागला, उत्पादन बुडते म्हणून. खोलल्यावर रेसचा कडेचा भाग तीन ठिकाणी उखडलेला निघाला. आणखी आठवडाभर चालवला असता तर गिअर गेले असते.

पण ते फायनल ड्राइव्ह होतं, इंजिन नाही. अन् ती चकती पकडून चुंबकानं काही वाचवलं नाही, ती तर फुटूनच आली होती. वाचलं ते आम्ही बोल्ट काढून बघितला म्हणून. बोल्ट लावून विसरून गेलं तर काय फायदा.

काडीलाव

बरं बाबा, पॉपकॉर्न ठेवले बाजूला. नखाएवढ्या चकतीनंतर हसायचं कुठे. पण मग मला हे सांगा, हा करडा गाळ साधा की वाईट, आमच्यासारख्याने ओळखायचं कसं?

सूक्ष्मकण

अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळा. काजळासारखा, लोण्यासारखा सरकला, काहीच टोचलं नाही, तर ती रोजची घासणी. अशी घासणी चांगल्या इंजिनातही पडते. रवाळ लागलं तर पुढच्या वेळी लवकर उघडा. टोचलं, कुसळ लागलं, डोळ्याला धार दिसली, तर फोटो काढा आणि मेकॅनिककडे जा. लेथवर निघते तशी बारीक वळलेली किसणी असेल तर मधे काहीतरी कठीण घुसून कापतंय. ओव्हरबर्डन यांनी सांगितली तशी एका बाजूने चकचकीत चकती म्हणजे पृष्ठभाग थकून सुटतोय.

नव्या गाडीच्या पहिल्या ऑइल चेंजला बोल्ट केसाळ सुरवंटासारखा निघतो, घाबरू नका. रिंगा-लायनर एकमेकांना बसतात तेव्हाची ती घासणी असते.

आणि तो टोकाला चिकटलेला कीस फडक्याने पुसून कधी पूर्ण निघत नाही, इकडून तिकडे पळतो. कणकेचा गोळा घ्या. घट्ट मळलेल्या कणकेने टिपला की सगळा गोळ्यात येतो. हवेच्या प्रेशरने उडवू नका, डोळ्यात जातो.

मीनाक्षी_रा

कणकेचा गोळा! आता आमच्याकडे पोळ्या कमी पडल्या की कारण सापडलं.

धुळीतला_गडी

'बीडाच्या लायनर' वाचून दचकलो, आम्ही बीडचेच. :)

माझा अनुभव लिहितो. डिझेल गाडी आहे, शेतावर जाणं-येणं, अर्धा रस्ता कच्चा. तीन वर्षांपासून चुंबकाचा बोल्ट वापरतो, मेव्हण्याने दिला म्हणून. दर खेपेला टोकावर टिकलीएवढा गाळ निघायचा. मागच्या वर्षी ऊसतोड चालू होती तेव्हा ऑइल बदललं तर पूर्ण टोक झाकलेलं, वर करड्या गाळाची टोपी. ऑइल तेच, किलोमीटर तेवढेच. मेकॅनिक म्हणाला जास्त चालवली असेल. मनाला पटेना.

घरी येऊन स्वतः एकेक उघडत गेलो. एअर फिल्टरच्या डब्याची मागची एक क्लिप तुटलेली. आधीच्या सर्व्हिसला कुणीतरी तोडली असणार आणि झाकण तसंच टेकवून ठेवलं. झाकणाच्या फटीत बोट घातलं तर आतून पिठासारखी धूळ आली. फिल्टरच्या पुढच्या स्वच्छ पाइपातही तीच. म्हणजे हजारो किलोमीटर इंजिनाने फिल्टरला वळसा घालून वावरातली माती खाल्ली. धूळ चुंबकाला दिसत नाही हे ताईंनी सांगितलं ते बरोबरच, पण धुळीने जे लायनर घासलं ते दिसलं.

क्लिप पस्तीस रुपयांची. पुढच्या दोन ऑइल चेंजला बोल्ट पुन्हा टिकलीवर आला. झालेली झीज काही भरून येत नाही, ऑइल आता जरा जास्त पितं.

सूक्ष्मकण

धुळीतला_गडी, हे वाचून फार बरं वाटलं आणि वाईटही. तुमचं उदाहरण आमच्या नव्या पोरांना सांगेन.

डेट्रॉइटकर

इकडे मिशिगनमध्ये बरेच जण ऑइल घरीच बदलतात. मजुरी परवडत नाही आणि शनिवारी दुसरा उद्योगही नसतो. दोन गाड्यांना आठ वर्षं चुंबकवाले बोल्ट आहेत. प्रामाणिकपणे सांगू? आठ वर्षांत काही नाट्य घडलेलं नाही. दर वेळी करडा लेप, चोळून बघतो, पुसतो, लावतो. आयुष्य दुप्पट झालं का ते कळायला तीच गाडी चुंबकाशिवाय परत तेवढीच चालवावी लागेल.

इंजिन टिकलं असेल तर ते ऑइल वेळेवर बदललं म्हणून, असं मला वाटतं.

एक सावधगिरी. बोल्टची लांबी बघा. चुंबकामुळे काही बोल्ट आत जास्त घुसतात. माझ्या दुसऱ्या गाडीच्या चेंबरमध्ये आतला पत्रा जवळच आहे, पहिला आणलेला बोल्ट शेवटच्या दोन आट्यांवर अडला. जोर केला असता तर रडलो असतो.

गोटीपाना

त्ये बरं सांगितलंत. हातानं पूर्ण आत गेला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या आवळणीला. हातानं जाईना म्हणजे आटे आडवे तरी बसलेत न्हाईतर बोल्टच चुकीचा.

आणि गाडी वॉरंटीत असंल तर सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय बोल्ट बदलू नका. उद्या काही झालं तर बोट बोल्टकडंच दाखवतील.

ओझरचा_निवृत्त

हवाई दलातली नोकरी संपवून नाशकात स्थायिक. विषय निघालाच आहे म्हणून. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये आणि इंजिनात चिप डिटेक्टर असतो. तोही चुंबकाचाच बोल्ट, फक्त त्यात मध्ये फट ठेवून दोन विजेची टोकं असतात. लोखंडाचा तुकडा येऊन त्या फटीवर बसला की सर्किट पूर्ण होतं आणि कॉकपिटमध्ये दिवा लागतो. वैमानिक जवळात जवळची मोकळी जागा बघून उतरतो. काही प्रकारांत बारीक केसाळ कीस असेल तर विजेचा झटका देऊन तो जाळून टाकायची सोय असते, म्हणजे उगाच दिवा लागत नाही. जळला नाही तर तुकडा खरा.

टाकीफुल

ओझरचा_निवृत्त, दंडवत घ्या. माझ्या ४५० च्या बोल्टची छाती फुगली.

पण मूळ प्रश्न राहिला. तो चुंबक निघून आत पडला तर? माझ्याकडचा नीट बघितला, चुंबक खोबणीत नुसता चिकटवल्यासारखा वाटतोय. कडेने पिवळसर गोंद दिसतो.

सूक्ष्मकण

हा प्रश्न महत्त्वाचा. हे चुंबक बहुतेक निओडिमियमचे, १९८४ च्या आसपास आलेले. जोर प्रचंड पण दोन खोडी. एक, ठिसूळ, चिनी मातीसारखे. दोन, उष्णता सोसत नाही. साध्या प्रतीचा निओडिमियम ८० अंश सेल्सियसपर्यंतच, त्यापुढे जोर कायमचा उतरू शकतो. इंजिन ऑइल रोजच्या चालीत नव्वद ते एकशेदहा अंशांवर असतं, भरल्या गाडीने घाट चढताना त्याहून वर. उष्णता सोसणाऱ्या प्रती मिळतात, १५० अंशांच्या, १८० च्याही. समेरियम-कोबाल्टचे तर तीनशेपर्यंत. दोनशे-चारशेच्या बोल्टात कुठला घातलाय हे पाकिटावर कुणी लिहीत नाही.

आणि नुसत्या गोंदावर बसवलेला असेल तर मी लावणार नाही. कडा दाबून, पोलादाच्या कॉलरमध्ये कैद केलेला हवा. सुटलाच तर पत्र्याच्या चेंबरला चिकटून बसेल, पण अॅल्युमिनियमच्या चेंबरमध्ये मोकळा फिरेल, फुटला तर तुकडे पंपाच्या जाळीपर्यंत.

घरी तपासायचं तर लावण्याआधी अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा. ही परीक्षा सोपीच म्हणायची, ऑइल याहून गरम होतं. यात नापास झाला तर विषय संपला. आधी आणि नंतर त्याला किती वजनाचा पाना उचलता येतो तेही बघा.

काडीलाव

थेट प्रक्षेपण हवं.

टाकीफुल

केलं. रविवारी सकाळी, घरचे नाटकाला गेल्यावर.

आधी वजन: चौदा-पंधराचा रिंग पाना आरामात उचलला, त्याला अडकवलेला दहा-अकराचाही. मग पाणी उकळलं. हाताला लागलं ते पातेलं घेतलं, इंडक्शनवरचं. बोल्ट आत सोडला तर तो तळाला जाऊन टक्कन चिकटला, तेव्हा लक्षात आलं की इंडक्शनच्या भांड्याचा तळ लोहचुंबकाला ओढतो. म्हटलं राहू दे. वीस मिनिटं बुडबुडे. मग चिमट्याने बोल्टचं डोकं धरून वर ओढला. बोल्ट आला. चुंबक तळालाच राहिला! खोबणीत गोंदाचा पिवळा पातळ पापुद्रा, रबरासारखा मऊ झालेला, नखाने सोलला गेला.

गार झाल्यावर तो एकटा चुंबक काढायला पक्कड लागली. पान्याची परीक्षा परत घेतली, चौदा-पंधराचा उचलला, पण दुसरा अडकवताच दोन्ही खाली.

म्हणजे हा बोल्ट लावला असता तर ताम्हिणीच्या पहिल्या चढावरच चुंबक मोकळा. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "हे उत्पादन उकळण्यासाठी नाही." पैसे मात्र परत दिले, खोटं का बोला.

गोटीपाना

हाहाहा, उकळण्यासाठी न्हाई! इंजिन काय माठ आहे का?

ओव्हरबर्डन

लई हसलो. हा प्रतिसाद आमच्या वर्कशॉपच्या बोर्डावर लावतो.

धुळीतला_गडी

मी धावत जाऊन माझा बघितला. कॉलर आहे, दाबून बसवलेला आहे. मेव्हण्याला पहिल्यांदा मनापासून धन्यवाद दिले.

एक विचारायचं होतं. आमच्याकडे एक मिस्त्री जुन्या स्पीकरचा चुंबक चेंबरला बाहेरून चिकटवतो, म्हणतो बोल्ट काढायची कटकटच नको. चालतं का?

सूक्ष्मकण

पत्र्याचा चेंबर असेल तर चुंबकाची बरीचशी ओढ त्या पत्र्यातच जिरते, आत थोडीच पोचते. जो कीस अडकेल तो आतल्या भिंतीला, तुम्हाला दिसणार नाही, ऑइल काढताना बाहेरही येणार नाही. आणि एखाद्या गतिरोधकावर चुंबक पडला की तो सगळा साठा एकदम तेलात. खबर नाहीच, वर धोका. नको.

मीनाक्षी_रा

आणि ज्या इंजिनांत टायमिंगचा पट्टाच तेलात बुडालेला असतो त्यांचं काय? माझ्या भावाच्या गाडीला तसा आहे.

गोटीपाना

तिथं भुगा रबराचा. चुंबक काय करणार. कंपनीनं सांगितलेल्या प्रतीचंच तेल घाला, वेळेच्या आधी बदला आणि पट्टा ठरलेल्या वेळेला. जाळी चोंदून तेलाचा दिवा लागलेल्या दोन गाड्या बघितल्यात.

टाकीफुल

(सात महिन्यांनंतर)

धागा वर काढतोय, माफी असावी.

दुसरा बोल्ट घेतला, नऊशेचा. कॉलरवाला. पातेल्यात तासभर उकळला (जुनं अॅल्युमिनियमचं पातेलं, इंडक्शनचं आता कुलपात असतं). टिकला, दोन्ही पाने उचलले. मूळ बोल्टशी लांबी जुळवली, नवा वायसर घातला, मेकॅनिकच्या मागे उभं राहून टॉर्क पान्याने आवळून घेतला. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ते लिहीत नाही.

काल साडेपाच हजार किलोमीटरवर काढला. टोकाला साधारण मसूरडाळीच्या दाण्याएवढा करडा लेप. अंगठ्यावर घेऊन चोळला, एकदम काजळ. नखाखाली गेलेला अजून निघत नाहीये, ऑफिसात सगळे विचारतायत. कणकेच्या गोळ्याने टिपून गोळा पांढऱ्या कागदावर दाबला आणि कागदावर तारीख, किलोमीटर लिहून गाडीच्या फाइलला लावला. शेडवाला काकांचं ऐकून फिल्टरही कापला. घड्यांमध्ये काळं तेल, चमकी नाही. एअर फिल्टरच्या चारही क्लिपा हाताने दाबून बघितल्या.

मेकॅनिक म्हणाला, "बघा, चुंबकाने इंजिन वाचवलं." मी काही बोललो नाही.

शेडवाला

शाब्बास. एका नमुन्यावर काही ठरत नाही. तीन कागद झाले की परत इथे टाका.

काडीलाव

आणि तो उकळलेला चुंबक?

टाकीफुल

बायकोच्या शिवणाच्या डब्यात. सांडलेल्या टाचण्या गोळा करायला एक नंबर.